अंगणातली हिरवळ आणि आपले गुडघे



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. घरात घडले तेवढेच सांगते.

टाऊन हॉलची बाग पाहून मामंजींनी हौसेने घरापुढे हरळीची हिरवळ केली होती. त्यांच्यामागे आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ती निगुतीने राखली. आता त्यांचे वय ७४. गेल्या श्रावणात तण काढायला उकिडव्या बसल्या, त्या उठताच येईना. भाकरी तव्यावर टाकून मी धावले. त्याच रात्री ह्यांनी ठरवले, सगळीकडे फरशी घालायची. मीही मान डोलावली.

सकाळी आत्यांनी चहा घेतला नाही. म्हणाल्या, "अंगण बुजवतायसा, का मला?"

भगिनींनो, माझी चूक मला तेव्हा कळली. कष्ट त्यांचे आणि ठरवणारे आम्ही! मग पायरीवर त्यांच्याजवळ बसले नि विचारले, "आत्या, यातलं काय सोडवत नाही?" त्या म्हणाल्या, "तुळस, मोगरा आणि गणपतीच्या दूर्वा." बाकीचे त्यांनी आपणहून सोडले.

दाराजवळ दोन खाटांएवढी हिरवळ ठेवली. पलीकडे जास्वंद, लिंबू, कढीपत्ता लावला. त्यांना गवतासारखी सारखी कापणी लागत नाही. मोगऱ्याला विटांचा कमरेएवढा कट्टा केला, म्हणजे वाकणे नको. पावसाळ्यात कापणीला मजुरीने बाई बोलावतो. कापताना पात्याचा तिसरा हिस्साच घ्यावा. हरळीचे एक पेर राहिले तरी ती पुन्हा फुटते. म्हणून नको तिथली पाऊस पडून गेल्यावर, माती मऊ असताना, मुळासकट काढावी. उन्हाळ्यात ती पिवळी पडली तरी घाबरू नये. पहिल्या पावसाला बहुधा पुन्हा हिरवी होते.

फरशी घातली नाही याचेही समाधान आहे. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचा महापूर आपण पाहिला. माझ्या अंगणाने पूर थांबणार नाही. पण अंगणात पडलेले पाणी तरी जमिनीत मुरेल.

यंदा गणपतीच्या २१ दूर्वांची जुडी आत्यांनी त्याच तुकड्याशेजारी खुर्चीवर बसून बांधली.

माझेही गुडघे आता कुरकुरतात. म्हणून सांगते, कमी करणे म्हणजे टाकून देणे नव्हे. हातपाय चालतात तोवर ठरवावे, आणि ज्याचे काम त्याला विचारून ठरवावे.