एक दिवस रिकाम्या हातानं डोंगरावर
(संघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



मागच्या सभेत मी पुण्यातल्या टेकडीवर चालायला जायचा विषय काढला, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, आमचा जन्म डोंगर चढण्यात गेला. आता भाडं भरून शहरातला डोंगर चढायचा?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी जाताना डोक्यात तेच.

मावशी, तुम्ही डोंगर चढलात तो मोळीसाठी, शेरडांमागं, नाहीतर पाण्याच्या खेपेला. डोक्यावर चुंभळ नाही, हातात विळा नाही, असं तुम्ही कधी वर गेलात का? मी हे आमच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "तसं गेले असते तर लोक रिकामटेकडी म्हणाले असते."

आपण वारज्याला जाऊ. तिथे महामार्गाजवळ सुमारे ४० एकर वनजमीन उजाड पडली होती. वन विभाग, महापालिका, संस्था आणि माणसं एकत्र आली, रोपं लावली, जगवली. ५ जून २०२० ला केंद्र सरकारनं देशभर २०० नगरवनं करायची योजना सांगितली, तेव्हा उदाहरण म्हणून याच वारज्याच्या वनाचं नाव घेतलं. रोप लावणं सोपं, पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालणं अवघड, हे तुम्हाला मी काय सांगणार!

जमलं तर पुढच्या खेपेला वेताळ टेकडी. पुणे शहरातली उंच टेकडी ती. वर वेताळबाबाचं देऊळ, जुन्या खाणीत साठलेलं पाणी, आणि नशीब असेल तर मोर. तिथे एक गोष्ट नीट बघा. तुमच्या बांधावरचं गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, ते तिथे पूर्वी भरपूर लावलं गेलं. लवकर वाढतं, टेकडी पटकन हिरवी दिसते. पण त्याच्या दाटीत दुसरं झाड सहज वर येत नाही. म्हणजे हिरवं दिसलं की जंगल परत आलं, असं नसतं. आपल्या गावात रोपांचे खड्डे खणायला बाया जातात, पण झाड कुठलं लावायचं हे बायांना कोण विचारतं? आणि कुंपण पडलं की मोळी बंद होते, त्याचा त्रासही आपल्यालाच. ग्रामसभेत हे बोलायचं तर आधी चार जंगलं बघितलेली बरी.

हे ऐकून वाटेल, पोरगी शेवटी कामालाच नेतेय. कबूल करते, प्रस्तावात मी 'अभ्यास सहल' असंच लिहिलंय. नुसतं 'चालायला जाणार' असं लिहायचं धाडस झालं नाही. पण त्या दिवशी वही काढायची नाही. कुणी झाडं मोजायची नाहीत, कर्जाच्या हप्त्याचा विषयही नको.

आपण गोल वाट धरू, म्हणजे जिथून निघू तिथंच परत येऊ. सामान एका ठिकाणी राहील. गुडघे दुखणाऱ्या बायांनी सावलीत बसावं, आम्ही फिरून तिथंच भेटू. चढाची घाई नाही. पट्ट्याची चप्पल किंवा बूट घाला, अंगठ्याची चप्पल मुरमावर घसरते. साडीच नेसायची तर आखूड नेसा. पाणी दोन बाटल्या, भाकरी फडक्यात, प्लास्टिक नको. फुलं-पानं तोडायची नाहीत, काटकीसुद्धा उचलायची नाही. हे शेवटचं जड जाईल, माहीत आहे मला! वर आडोसा मिळेलच असं नाही, म्हणून निघताना खाली शौचालयाला जाऊन येऊ.

घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाच्या सासूबाईंना समजवायचं असेल तर मी येते, चहा मात्र पाजा. सासूबाईंनाच बरोबर आणलंत तर आणखी चांगलं.

नावं गुरुवारपर्यंत आपापल्या गटाच्या सचिव ताईंकडे द्या. गाडी रविवारी सकाळी सहाला देवळापाशी उभी राहील, दुपारी जेवणानंतर परत.