काळजाचा ठोका

आजचा विषय वैद्यकाचा असला तरी मी वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक पास होऊन अडतीस वर्षें मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविलेला मी एक निवृत्त मास्तर. हृदयरोगावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु हृदयरोग नसतांना तो आहे असें मानून मीं तीन वर्षें काढलीं, आणि तेवढ्यापुरता माझा अधिकार पुष्कळशा डॉक्टरांहून मोठा आहे, असें नम्रपणें म्हणूं शकतों.

प्रकरणाचा आरंभ २०१९ च्या दिवाळींत झाला. एकाच शाळेंत माझ्याबरोबर शिकविणारे एक स्नेही सकाळीं फिरावयास गेले ते परत आले नाहींत. हृदय बंद पडलें होतें. अंत्यविधीहून परततांना कोणीतरी सहज म्हणालें, "मास्तर, तुमच्याच वयाचे कीं हो!" त्या रात्रीं डाव्या कुशीवर पडलों असतां उशींतून माझ्याच हृदयाचे ठोके मला ऐकूं आले. हें हृदय दिवसाला सुमारें एक लाख ठोके देत एकसष्ट वर्षें राबत होतें. त्याची मीं कधीं विचारपूस केली नव्हती. आतां मात्र कान लावून बसलों. आणि बसल्याबसल्या एक ठोका चुकला.

पुढचें सांगावयास लाज वाटते. छाती धडधडूं लागली, घाम सुटला, बोटांना मुंग्या आल्या. रात्रीं एक वाजतां रिक्षा करून आम्ही उभयतां दवाखान्यांत. तेथील तरुण डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख काढला आणि तो अगदीं चांगला असल्याचें सांगितलें. मी हर्षभरित होऊन घरीं आलों. तो हर्ष चार दिवस टिकला. पांचव्या दिवशीं मनानें शंका काढली, 'पट्टी दहा सेकंदांची. दिवसाचे तास चोवीस. बाकीच्या वेळाचें काय?' मग चोवीस तास अंगावर बांधावयाचें हॉल्टर नांवाचें यंत्र झालें. तें काढल्याबरोबर वाटलें, खरा ठोका नेमका आतांच चुकला! पुढें चालत्या पट्ट्यावर धांवून झालें, ध्वनिलहरींनीं हृदयाचें चित्र काढून झालें. करोनाच्या सांथींत बोटाला लावावयाचें यंत्र घरोघर आलें. आमच्या घरीं तें उशाशींच राहिलें. मुलानें प्रेमानें एक नाडी मोजणारें घड्याळ पाठविलें. त्यामुळें मोबाईल चाळणाऱ्या पोरांना मी ज्या तोंडानें रागावत असें तेंच तोंड खालीं घालून मी दर पांच मिनिटांनीं मनगटाकडे पाहूं लागलों.

आतां हा चुकणारा ठोका म्हणजे काय, तें माझ्या डॉक्टरांनीं समजाविलें. ठोका मुळीं चुकतच नाहीं. तो वेळेआधीं पडतो. कवाइतींत एखादा उतावळा पोरगा हुकुमाच्या आधींच पाऊल टाकतो, सारी रांग क्षणभर थबकते आणि पुढचें पाऊल सर्वांचें मिळून दणदिशी पडतें, तसाच हा प्रकार. उतावळा ठोका हलका असल्यानें जाणवत नाहीं. थबकणें आणि दणका मात्र जाणवतात. निरोगी माणसांतही असे ठोके पडतात. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. मला पत्ता लागला, कारण मी पहाऱ्यावर बसलों होतों. पहारेकरी घाबरला कीं शरीर धोक्याची तयारी करतें, हृदय जोरानें चालतें. तें ऐकून पहारेकरी अधिकच घाबरतो. श्वास भराभर घेतल्यानें रक्तांतला कार्बन डायॉक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणजे ज्या लक्षणांना मी भीत होतों, तीं माझ्या भीतीनेंच निर्माण केलेलीं होतीं.

यांत मी पहिला नव्हे. १८७१ सालीं फिलाडेल्फियाच्या डा कोस्टा नांवाच्या डॉक्टरांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या यादवी युद्धांतील तीनशेंहून अधिक सैनिकांची हकीकत त्याच्या मुळाशीं होती. छाती धडधडते, दुखते, दम लागतो. परंतु तपासावें तों पुष्कळांच्या हृदयांत रचनेचा दोष सांपडत नाहीं. त्यांनीं त्यास 'चिडखोर हृदय' म्हटलें. पहिल्या महायुद्धांत इंग्रजी फौजेच्या डॉक्टरांपुढेंही हाच प्रश्न उभा राहिला. ते सैनिक खोटें बोलत नव्हते, हें मला महत्त्वाचें वाटतें. धडधड खरीच असते. चुकतो तो तिचा अर्थ. तथापि त्यांच्यावर गोळ्या तरी झाडल्या जात होत्या. माझ्यावर कोणीं खडाही मारला नव्हता.

खडा म्हटल्यावर आठवलें. याच सुमारास आमच्या भातांत खडे येऊं लागले. चाळीस वर्षांत जें घडलें नाहीं तें आठवड्यांत दोनदां घडूं लागलें. मी कुरकुर केली. पुढें आमटींत मीठ दोनदां पडलें. तेव्हां तर रक्तदाब वाढेल म्हणून मीं मोठा आवाज केला. ही कांहीं बोलली नाहीं. २०२२ च्या उन्हाळ्यांत मुलगी माहेरीं आली. आईला वर्तमानपत्रांतील मथळासुद्धां दिसत नाहीं, हें तिनें तासाभरांत ओळखलें. दोनही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. "आई, सांगितलें कां नाहींस?" असें मुलीनें विचारलें. ही सावकाश म्हणाली, "यांच्या काळजांतून सवड कोठें होती?"

काळीज आणि काळजी हे शब्द कानाला तरी सख्खे वाटतात. खरें पाहतां खाटकाकडे कलेजी मागितली तर तो यकृत देतो. काळजाला हृदयाच्या जागीं आपणच नेऊन बसविलें. असो. त्या एका वाक्यानें जें झालें तें चार यंत्रांनीं झालें नव्हतें.

डॉक्टरांनीं मला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याविषयीं पूर्वींच सुचविलें होतें. तेव्हां मला तो अपमान वाटला होता. मी काय वेडा आहें? आतां निमूटपणें गेलों. तेथें औषधापेक्षां शिस्तच अधिक निघाली, आणि शिस्तीशीं माझी ओळख जुनी. नाडी मोजावयाची नाहीं. 'मला कांहीं होणार नाहीं ना?' असें घरांत कोणास विचारावयाचें नाहीं. कारण प्रत्येक दिलासा चार दिवसांत शिळा होतो आणि नवा मागतो. डॉक्टर एकच, आणि ते ठरवितील तेव्हांच तपासणी. भीतीनें टाकलेलीं कामें पुन्हां हळूहळू करावयाचीं.

मात्र छातींत दुखलें तर स्वस्थ बसा, असा अर्थ कोणीं करूं नये. छातीवर दडपण, दुखणें हातांत, जबड्यांत किंवा पाठींत जाणें, घाम, दम लागणें, असें झालें तर १०८ ला फोन करून ताबडतोब दवाखाना गांठावा. वयस्कांनीं आणि मधुमेह्यांनीं तर विशेष. हा नियम डॉक्टरांनीं मलाही लिहून दिला आहे. तो कपाटाच्या दाराला चिकटविला आहे. मी तो रोज वाचीत नाहीं.

ठोका अजूनही अधूनमधून उतावळा पडतो. मी "बरें" म्हणतों आणि कूस बदलतों. कधीं कधीं तेवढ्यानें भागत नाहीं आणि पहाटेपर्यंत जागाच असतों. घड्याळ नातवाला दिलें. तो मांजराची नाडी मोजतो.

मीं टाकलेल्या कामांत पर्वती चढणें हें एक होतें. हिच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाल्यावर, तिच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, आम्ही दोघें एका सकाळीं तेथें गेलों. निम्म्या पायऱ्यांवर माझें हृदय ढोल वाजवूं लागलें. हात मनगटाकडे जाऊं लागला. मीं तो खिशांत घातला. वर पोहोंचल्यावर हिनें खालचें पुणें पुष्कळ वेळ डोळे भरून पाहिलें. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुमचे केस केव्हां हो इतके पांढरे झाले?"