दत्तक आणि क्रीत : परदेशी दत्तकविधानातील सुधारणांचा अर्थ

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या स्मृतिकारांनी पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘दत्तक’ आहे, तसाच ‘क्रीत’ही आहे. जन्मदात्यांनी राजीखुशीने, उदक सोडून दुसऱ्याच्या ओटीत घातलेला तो दत्तक. मोल देऊन आणलेला तो क्रीत. पुढे निबंधकारांनी कलियुगात औरस आणि दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य धरले आणि क्रीताला वर्ज्य ठरविले. मूल ही देण्याची गोष्ट आहे, विकण्याची नाही, हा विवेक आपल्या परंपरेत किती जुना आहे, हे यावरून ध्यानात यावे. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या देशात परदेशी दत्तकविधानासंबंधी जे जे नियम झाले, त्या साऱ्यांचे सार या दोन शब्दांत आहे. दत्तकाचा क्रीत होऊ नये, यासाठीच ही सारी धडपड आहे.

मराठी माणसाला ‘दत्तक नामंजूर’ हे शब्द नवे नाहीत. १८४८ मध्ये सातारची गादी आणि पाठोपाठ १८५४ मध्ये झाशीचे राज्य याच शब्दांनी खालसा झाले. त्या वेळचे परके सरकार दत्तकाच्या आड आले ते राज्ये गिळण्यासाठी. आज स्वतंत्र भारताचे सरकार दत्तकाच्या वाटेत उभे राहते आणि कागदपत्र मागते, तेव्हा ते कोणासाठी? उत्तर एकच असले पाहिजे : मुलासाठी. पूर्वी दत्तक घेतला जाई तो वंश चालावा, पिंडदान व्हावे, वतन राहावे म्हणून. घराला मूल हवे असे. आता दृष्टी पालटली आहे. मुलाला घर हवे आहे, आणि ते शोधून देणे हे समाजाचे व शासनाचे कर्तव्य आहे.

एका पत्राची कथा

या सुधारणांचा प्रारंभ एका पत्रातून झाला. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून, भारतीय मुले परदेशी दांपत्यांना देण्याच्या व्यवहारात काही संस्था गैरप्रकार करीत आहेत, अशी तक्रार केली. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. फेब्रुवारी १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेला निर्णय हा या विषयातील पायाचा दगड आहे.

तेव्हाची अडचण काय होती? १९५६ चा हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. सर्वांसाठी समान दत्तक कायदा करण्याचे १९७२ चे आणि १९८० चे विधेयक सिद्धीस गेले नाही. त्यामुळे परदेशी दांपत्य १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयातून केवळ पालकत्व घेई, मुलाला आपल्या देशी नेई आणि तेथे जाऊन दत्तक घेई. म्हणजे मूल या भूमीवरून निघे ते कोणाचेही अपत्य न होता!

न्यायालयाने दंडक घालून दिले. मुलासाठी प्रथम भारतीय घर शोधावे. परदेशी अर्जदाराची शिफारस त्याच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेने करावी आणि त्याच्या घराची चौकशी व्हावी. जन्मदात्यांवर दडपण नसावे आणि निर्णय फिरविण्यास त्यांना अवधी मिळावा. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन संस्था, म्हणजे आपण जिला ‘कारा’ म्हणतो ती, स्थापन झाली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. स्वदेशात योग्य घर मिळत नसेल तरच परदेश, आणि या व्यवहारातून कोणालाही अनुचित आर्थिक लाभ होता कामा नये, ही या कराराची दोन मुख्य सूत्रे होत.

नियम असूनही

बंधुहो, नियम कागदावर उतरले म्हणून पाप थांबले असे नाही. १९९९ ते २००१ या काळात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, लंबाडा तांड्यांतील दरिद्री आयांकडून नवजात मुली अल्प रकमांना घेऊन दत्तकासाठी पुढे पाठविल्या जात असल्याचे उघड झाले. चेन्नईच्या वस्त्यांतून पळविलेली मुले एका संस्थेमार्फत परदेशी दत्तक गेल्याचे २००५ मध्ये बाहेर आले. आपल्या पुण्यातही एका संस्थेच्या कारभाराची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. चेन्नईतील त्या आयांचा विचार करा. अंगणात खेळणारे मूल दिसेनासे झाले, आणि कित्येक वर्षांनी कळले की ते दूरदेशी, दुसऱ्या नावाने, दुसरी भाषा बोलत वाढते आहे. तिकडच्या पालकांनीही ते प्रामाणिकपणे, कायदेशीर समजूनच घेतले होते. अशा वेळी न्याय कोणाला आणि कसा द्यावयाचा? म्हणूनच पहिल्या पायरीवरची दक्षता महत्त्वाची. नंतरची कोणतीही दुरुस्ती ते बालपण परत देत नाही.

हा केवळ आपला दोष नव्हे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये जुन्या परदेशी दत्तक व्यवहारांतील बनावट नोंदींवर बोट ठेवले आणि त्याच वर्षी जुलैपासून तेथे हे काम खासगी संस्थांकडून काढून शासनाकडे घेण्यात आले. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये, नात्यातील मुलांचा अपवाद वगळता, परदेशी दत्तक बंद केले. नेदरलँड्सने तर मुले घेण्याची प्रथाच टप्प्याटप्प्याने संपविण्याचे ठरविले.

भारताने दार बंद केले नाही; दारावर पहारा बसविला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने ‘कारा’ला वैधानिक अधिकार दिले. देशभरची नोंदणी एकाच संगणकीय प्रणालीवर आली, त्यामुळे संस्थेने मर्जीतल्या दांपत्याला मूल दाखविण्याची वाट बरीचशी बंद झाली. मूल स्वाधीन करणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय घर न मिळाल्यास ते परदेशी दत्तकास पात्र ठरते. अपंग मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना यात प्राधान्य मिळू शकते. मूल परदेशी पोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल आला पाहिजे. सप्टेंबर २०२१ पासून १९५६ च्या कायद्याखालील परदेशी दत्तकेही ‘कारा’च्या कक्षेत आली. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. बहिणीचे मूल दत्तहोम करून घेतले, दस्त नोंदविला, एवढ्यावर आता भागत नाही.

सावधपणा हवा, दिरंगाई नको

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून मला हे भाषण संपविता येणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदीय समितीने दिलेले आकडे पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ दांपत्ये व व्यक्ती दत्तकासाठी नोंदलेल्या होत्या. संस्थांत दत्तकायोग्य मानलेली मुले होती ६,९९६; आणि त्यांपैकी कायद्याने मोकळी ठरविलेली केवळ २,४३०. एकीकडे पालकांना तीन-तीन वर्षे प्रतीक्षा, दुसरीकडे साडेचार हजार मुले कागदांच्या प्रतीक्षेत!

कायदा सांगतो की सापडलेल्या मुलासंबंधी, ते दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि मोठे असेल तर चार महिन्यांत निर्णय व्हावा. बालकल्याण समितीच्या सदस्यांची पदे रिकामी राहिली, चौकशी अहवाल टेबलावर पडून राहिला, की हे महिने वर्षे होतात. मोठ्यांचे एक वर्ष आणि तान्ह्या मुलाचे एक वर्ष सारखे नसते. तान्ह्याच्या एका वर्षात त्याला ‘आई’ म्हणावयास शिकायचे असते. चार वर्षांच्या मुलाला घ्यायला आपल्याकडे फारसे कोणी पुढे येत नाही, हे कटू सत्य आहे. म्हणजे दिरंगाईने आपण ज्याला मोठे करतो, त्यालाच मग परदेशाची वाट दाखवितो.

२०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, तो हा वेळ वाचावा म्हणूनच. तो सप्टेंबर २०२२ मध्ये अंमलात आला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणे वर्ग करण्यास अंतरिम स्थगिती दिली. न्यायाधीश असोत वा जिल्हाधिकारी, मला एवढेच म्हणावयाचे आहे की सहीच्या वेगाबरोबर चौकशीची खोलीही टिकली पाहिजे. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यात, बिहारमधून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला आणि दत्तक पित्याला पुढे जन्मठेप झाली. देखरेखीचा अहवाल हा रकाने भरण्याचा विषय नव्हे, हे त्या चिमुरडीने आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकविले.

आपले काय?

सरकार पहारा देईल. घर मात्र समाजालाच उघडावे लागेल. कण्वांनी शकुंतलेला आणि यशोदेने कृष्णाला वाढविले, हे आपण कीर्तनात भक्तिभावाने ऐकतो. मग शेजारच्या घरी दत्तक मूल आले की ‘कोणाचे आहे?’ हा प्रश्न आपल्या ओठी का येतो? परदेशी दांपत्ये ज्या अपंग मुलांना उराशी धरतात, ती मुले आपल्याकडे यादीत मागे का पडतात? याचा राग परक्यांवर काढू नये. आपलीच मान खाली जावी, असा हा प्रश्न आहे.

म्हणून तीन गोष्टी करू या. ओळखीच्या प्रसूतिगृहातून ‘परस्पर’ मूल मिळते, असे कोणी सांगितले तर त्याला थांबवा. तो सौदा आहे आणि गुन्हाही आहे. संकटात सापडलेली आई दिसली तर तिला बालकल्याण समितीचा मार्ग दाखवा. तिचे नाव गुप्त राहते. आणि दत्तक मुलाला त्याचे मूळ प्रेमाने सांगा. अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधण्याची मुभा नियमांनी त्याला दिली आहे. जे सत्य त्याला कार्यालयातील फाइलीतून कळावयाचे, ते आईच्या तोंडून कळलेले बरे.

स्मृतिकारांनी दिलेला शब्द आहे ‘दत्त’. देणाऱ्याचा हात मोकळा असावा, घेणाऱ्याचा हात स्वच्छ असावा आणि मधल्या हातात काहीही राहू नये. नियमांची कसोटी एवढीच आहे. आणि ते दान वेळेवर व्हावे, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.