उद्धाराचे दार आधी समाजाने उघडावे

(डोंगरकडा, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘वाट चुकलेली मुलगी’ हा शब्दप्रयोग गावोगाव सहज ऐकू येतो. लग्नाआधी दिवस गेलेली तरुणी, पतीच्या निधनानंतर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून फसलेली स्त्री, घर सोडून गेलेली आणि पोटात जीव घेऊन परतलेली लेक. अशा स्त्रीला समाज दोनच गोष्टी सुचवतो. एक तर झाकपाक, नाही तर हद्दपारी. तिसरीही एक वाट आहे. ती जन्माला येणाऱ्या जिवातून आणि तिच्या मातृत्वातून जाते. मात्र त्या वाटेवरचे दार तिला एकटीला उघडता येत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासाने दीडशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे.

पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला मोहात पाडले. दिवस राहिले, तेव्हा गर्भ पाडण्यासाठी औषधे दिली गेली, ती लागू पडली नाहीत. तिने मुलाला जन्म दिला आणि बदनामीच्या भयाने त्याच बाळाचा जीव घेतला. मृतदेह घरामागच्या विहिरीत सापडला. न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ज्या काशीबाईने नऊ महिने ते मूल उदरात वाढवले, तिच्याच हातून ते मारवून घेणारी शक्ती कोणती? ती शक्ती लोकलज्जेची होती.

या घटनेने व्यथित होऊन जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली आपल्या घराच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, असे आवाहन करणारी पत्रके रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवण्यात आली. १८८४ साली जोतीरावांनी या कार्याचा जो हिशेब लिहिला, तो अंतर्मुख करणारा आहे. तोपर्यंत ३५ गर्भवती विधवा तेथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली आणि ३० दगावली. आश्रमात सेवेची उणीव नव्हती. गर्भ लपवण्यासाठी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ती बालके पोटातच जायबंदी झाली होती. दार उघडे होते, पण तिथवर पोहोचायला उशीर झाला होता. आजही जीव जातात ते या उशिरानेच.

पुढे १८७४ साली त्याच गृहात आणखी एक विधवा आली. तिचेही नाव काशीबाई. नाव तेच, दैव निराळे. तिचे मूल जगले आणि निपुत्रिक फुले दाम्पत्याने ते दत्तक घेतले. तेच डॉ. यशवंत. १८९७ च्या प्लेगात माता-पुत्रांनी पुण्याजवळ रुग्णसेवा केली आणि त्याच सेवेत, १० मार्च रोजी, सावित्रीबाईंनी देह ठेवला. समाजाने ज्याला पापाचे फळ म्हटले असते, तोच मुलगा साथीत रुग्णांच्या उशाशी उभा राहिला.

हिंगोली जिल्हा संत नामदेवांच्या नरसीचा. येथून पंढरीची वाट पिढ्यान्‌पिढ्या चालते. त्याच पंढरीत यात्रेच्या निमित्ताने येऊन विधवा स्त्रिया नाइलाजाने अर्भके टाकून जात असत. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली अशा मातांसाठी आणि बालकांसाठी आश्रम सुरू केला. तोच पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. जो समाज विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतो, त्याने दारात आलेल्या माउलीकडे पाठ फिरवावी, ही विसंगती त्या न्यायाधीशाने ओळखली होती.

आता त्या पुरुषाचे काय? १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि दोष एकट्या स्त्रीच्याच माथी का, असे विचारले. काशीबाईच्या कथेतील तो शास्त्रीही काळ्या पाण्यावर गेला नाही. स्त्रीच्या चारित्र्याची चर्चा करणाऱ्या प्रत्येक पारावर आधी या प्रश्नाचे उत्तर दिले गेले पाहिजे.

अठरा वर्षांखालील मुलीबाबत तर ‘वाट चुकली’ हा शब्दच गैर आहे. २०१२ च्या कायद्यानुसार तिची संमती ही संमतीच नव्हे. तेथे गुन्हेगार दुसराच असतो. सज्ञान स्त्रीलाही कायद्याचा आधार आहे. अघोरी औषधांऐवजी वैद्यकीय सल्ल्याने निर्णय घेण्याचा अधिकार तिला आहे. मूल वाढवायचे असेल, तर अविवाहित मातेला पित्याला सूचना न देताही पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. सांभाळणे शक्य नसेल, तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे मूल सोपवता येते. ओळख गुप्त राहते आणि फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. उकिरड्यावर अर्भक सापडण्याचे आता कोणतेही कारण उरू नये.

मातृत्व म्हणजे शिक्षा नव्हे, आणि प्रायश्चित्तही नव्हे. मूल वाढवणे हा काही स्त्रियांचा उद्धार ठरतो. काहींच्या बाबतीत ते मूल सुयोग्य हाती सोपवण्यातच मातृत्वाचा कस लागतो. निवड तिची असली पाहिजे. बाळाला मात्र आईच्या शुद्धीचा दाखला म्हणून जगावे लागू नये. ते स्वतःच्या हक्काने जगावे.

डोंगरकड्यासारख्या गावात आशाताई, अंगणवाडीसेविका, बचत गटाच्या भगिनी घराघरात पोहोचलेल्या आहेत. लेकीचा चेहरा उतरलेला सर्वप्रथम त्यांना किंवा आईला दिसतो. त्या क्षणी उच्चारलेला पहिला शब्द निर्णायक ठरतो. ‘कोणाचे?’ हा प्रश्न नंतर विचारता येईल. आधी ‘भिऊ नकोस, घरातच राहा’ एवढे म्हटले, तरी दोन जीव वाचतात. फुले दाम्पत्याच्या घरी ३० बालके ज्या भयाने गेली, ते भय प्रत्येक उंबरठ्यावरच संपवणे, हेच आजचे मातृपूजन होय.