शेवयांचं सूप आणि एक जुनी शिसारी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

आपल्या वऱ्हाडात सूप म्हटलं की अजूनही आधी धान्य पाखडायचं सूप डोळ्यांपुढे येतं. मी आज बोलणार आहे ते वाटीत घेऊन प्यायच्या सुपाबद्दल. त्यात शेवया आहेत, शेवयांसारखी लांब चिरलेली भाजी आहे आणि डुकराचं मटण आहे. हा शेवटचा शब्द ऐकून काहींनी नाक मुरडलं असेल. रेडिओ बंद करू नका. त्या नाक मुरडण्याबद्दलही मला थोडं बोलायचं आहे.

आधी शेवयांचं पाहू. भारतात मॅगी आली १९८३ साली. त्याआधी पंचवीस वर्षं, १९५८ मध्ये, जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी झटपट नूडल्स बाजारात आणल्या होत्या. त्यांची युक्ती साधी होती. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळायच्या, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं आणि बारीक छिद्रं राहतात. पुढे गरम पाणी घातलं की दोन-तीन मिनिटांत त्या पुन्हा मऊ होतात. आपल्या आयाबायांनी तळण्याऐवजी ऊन वापरलं. उन्हाळ्यात बाजेला यंत्र आवळून बसवायचं, एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं खाली लोंबणारे धागे अलगद झेलून वाळत घालायचे. बन्सी गव्हाच्या शेवयांची सर दुसऱ्या कशाला नाही, असं जुन्या बाया सांगतात, त्याला कारण आहे. बन्सी हा कठीण, पिवळसर दाण्याचा गहू. इटलीतला पास्ता ज्या जातकुळीच्या गव्हाचा करतात, त्याच जातकुळीचा. त्याचे धागे शिजले तरी सहज लगदा होत नाहीत.

पण डब्यातल्या शेवया आपण फक्त खिरीसाठी काढतो. तिखटामिठाच्या, रसदार शेवया म्हटलं की परकं वाटतं. खरं तर वरणफळं म्हणजे दुसरं काय? कणकेचे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे, वरून तूप घ्यायचं आणि गरमगरम खायचं. चीन-जपानकडे कणकेचे धागे मांसाच्या रश्शात सोडतात. घर वेगळं, कल्पना एकच.

आता कृती सांगतो. चौघांपुरतं प्रमाण आहे. पाव किलो डुकराचं मटण, थोडी चरबी असलेलं, बोराएवढे तुकडे करून घ्या. आठ-दहा लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढं अद्रक ठेचा. सहा मिरे, दोन लवंगा. तेल घालायचं नाही. कुकर तापला की मटण तसंच टाका. दोन-चार मिनिटांत त्याची स्वतःची चरबी सुटते, त्यातच लसूण-अद्रक परता. एक भेदरं चिरून घाला, मीठ घाला, सव्वा लिटर पाणी ओता. पहिली शिटी झाली की आच मंद करून वीस मिनिटं ठेवा.

तेवढ्या वेळात भाजी. एक गाजर, अर्धा कोवळा दुधी, मिळाल्यास कच्च्या पपईची एक फोड. किसणीवर आडवं न किसता उभं, लांब किसा, म्हणजे भाजीचेच धागे निघतात. हल्ली शहरात यासाठी वेगळं यंत्र मिळतं, पण किसणी नाहीतर धारदार सुरी पुरते. मधुमेहामुळे कुणाला गहू कमी करायचा असेल, तर शेवया निम्म्या करून भाजीचे धागे दुप्पट घ्या. पोट भरतं आणि वाटीही भरलेली दिसते.

चार मुठी शेवया कोरड्याच तांबूस भाजा आणि वेगळ्या गंजात उकळत्या पाण्यात शिजवून निथळा. त्या सुपातच शिजवल्या तर सारा रस पिऊन टाकतात आणि खाली उरते खिचडी. कुकर उघडला की वर तरंगणारी जास्तीची चरबी डावानं काढा. रस्सा पुन्हा खळखळ उकळू द्या, भाजीचे धागे सोडा, दोन मिनिटं थांबा. शेवटी कांद्याची पात आणि सांबार घाला, एक उकळी येऊ द्या. वाटीत आधी शेवया, वर सूप, वरून लिंबू. सगळं मिळून पाऊण तास. त्यातला निम्मा वेळ कुकरच काम करतो. कामावरून उशिरा आलेल्या माणसाला किंवा घरी दोघंच राहिलेल्या म्हाताऱ्यांना एका भांड्यात पूर्ण जेवण मिळतं.

आता त्या शिसारीकडे वळू.

धर्मानं किंवा व्रतानं जे हे मांस खात नाहीत, त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी कोंबडी घ्यावी, किंवा तुरीच्या वरणाचं पातळ पाणी घ्यावं. सूप छान होतं. माझं बोलणं आहे ते बकरा चवीनं खाणाऱ्या आणि डुक्कर म्हटलं की थू करणाऱ्यांशी. कोडगूत पंदी करी पाहुण्याला मानानं वाढतात, गोव्यात सोरपोतेलाशिवाय ख्रिस्ती घरातला सण पुरा होत नाही. आपल्याकडेही काही समाजांत हे मांस पिढ्यान्‌पिढ्या रांधलं जातं, पण त्याची पाककृती पुस्तकात छापून येत नाही आणि डब्यात काय आहे ते पोर शाळेत सांगत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं नोंदवून ठेवलं. त्या नावातच प्रश्न आहे. ज्यात कित्येकांची चूल मोजलीच गेली नाही, ते पूर्ण कसं?

‘डुक्कर घाण खातं,’ हे उत्तर ठरलेलं. मग विचारायला हवं की ती घाण कुणाची? गावाच्या कडेला उघड्यावर बसणारा माणूस असतो. डुकराच्या मांसातून होणाऱ्या ज्या जंताची भीती घातली जाते, त्याची कथा नीट ऐका. हा चपटा, कित्येक मीटर लांबीचा जंत माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. डुकरानं ती खाल्ली की त्याच्या मांसात जंताच्या बारीक गाठी होतात. ते मांस कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं, तर पोटात पुन्हा जंत होतो. म्हणजे डुकराला हा रोग आपण देतो.

आणि खरा धोका पुढे आहे. हीच अंडी न धुतलेल्या भाजीवरून, पाण्यातून किंवा मळक्या हातांतून थेट माणसाच्या पोटात गेली, तर गाठी माणसाच्या अंगात होतात, मेंदूतसुद्धा. मग मिरगीचे झटके येतात. हा जंत जिथे ठाण मांडून आहे, अशा अनेक भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यासाठी मांस खावं लागत नाही. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसालाही हे होतं. घरात मिरगीचं माणूस असेल, तर कांदा-जोडा हुंगवू नका, बाहेरचं काही म्हणून मांत्रिकाकडे नेऊ नका. डॉक्टरकडे न्या. या दुखण्यावर औषध आहे.

म्हणून या सुपाचे नियम दोन आहेत आणि ते दोन्ही सारखेच महत्त्वाचे. मांस आतपर्यंत शिजलं पाहिजे, तुकडा फोडल्यावर गुलाबी दिसता कामा नये. तांदळा-साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर ते मांस घेऊच नका. आणि भाजी, विशेषतः पात आणि सांबार, वाहत्या पाण्यात एकेक पान उलगडून धुवा. वरून कच्ची भुरभुरवू नका, उकळीत टाका. मांस पाळलेल्या, बांधून चारलेल्या जनावराचं असावं. रानडुकरं आपल्या शेतांची नासधूस करतात हे खरं, पण परवानगीशिवाय त्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि चोरून विकलेलं मांस कुणी तपासलेलं नसतं.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि आधी गाव झाडलं. देवापुढे बकरं-कोंबडं कापायला त्यांचा कडक विरोध होता. त्यांचं नाव मी मटणाच्या बाजूनं घेत नाही. पण घाण कुठे आहे हे त्यांना अचूक कळलं होतं. ती जनावरात किंवा जातीत नव्हती, ती आपण जिथे टाकली तिथे होती. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं ते उगीच नाही. संडास वापरला गेला आणि जेवणाआधी साबणानं हात धुतले गेले, तर या जंताची साखळी तिथेच तुटते.

तेव्हा या हिवाळ्यात शेवयांचा डबा खाली काढा. मटण घालायचं की तुरीचं पाणी, ते तुमच्या घरानं ठरवावं. शेजारच्या घरात काय शिजतंय त्यावर मात्र नाक मुरडू नका. आणि भाजी धुतल्याशिवाय किसू नका.