हे आलं कुणाच्या घराण्यातून?

मूल अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, बोटानं काही दाखवत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन् तास फिरवत बसतं. डॉक्टर ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, असं निदान करतात. आमच्या कोल्हापुरात त्यानंतर घरातला पहिला प्रश्न उपचारांचा नसतो, ‘हे आलं कुठनं?’ असा असतो. आणि विचारणाऱ्यांची नजर बहुधा सुनेकडे असते. ग्रहण पाळलं नाही, नोकरीपायी लक्ष दिलं नाही, माहेरच्या कुणात तरी वेड असणार, अशी उत्तरंही तयार असतात. आजचा माझा विषय जनुकांचा आहे. तो मी या प्रश्नासाठीच घेतला आहे.

आईला दोष देण्यात शास्त्रज्ञही मागे नव्हते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं. हे वेगळेपण जन्मजात असावं, असं त्यांनी त्याच लेखात लिहिलं होतं. तरीही पुढची अनेक वर्षं ‘थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं अशी होतात’ हे मत डॉक्टरांत रूढ राहिलं. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधली जुळी भावंडं तपासली. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघंही स्वमग्न निघाली. दोन वेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत अशी एकही नाही. आई तीच, घर तेच, फरक जनुकांचा. जोड्या थोड्या होत्या, पण दिशा कळली. २०१९ साली पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास झाला. कुणाला स्वमग्नता येते नि कुणाला नाही, या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक ठरला. जनुकांखेरीज आईकडून येणारा प्रभाव जवळपास नगण्य निघाला.

ही जनुकं करतात काय? मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीक फट असते आणि निरोप त्या फटीतून जातो. फटीच्या दोन्ही काठांवरची प्रथिनं टिचबटणासारखी एकमेकांत बसतात. त्यातल्या एका बाजूच्या, न्यूरोलिजिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकांत दोष असल्याचं २००३ साली पॅरिसच्या तोमा बुर्जरों यांच्या गटाला दोन स्वीडिश कुटुंबांत आढळलं. २००७ साली त्याच गटानं शँक-३ हे जनुक दाखवलं. निरोप घेणाऱ्या काठाखालचा सांगाडा त्याच्या प्रथिनावर उभा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशी १०२ जनुकं नोंदली गेली. काही या जोडणीची, तर बरीचशी इतर जनुकं कधी चालू-बंद व्हावीत हे ठरवणारी. त्यांचं काम गर्भातच सुरू झालेलं असतं. लसीचं म्हणाल, तर संशय पसरवणारा १९९८ चा लेख बारा मुलांवरचा होता आणि २०१० साली त्या नियतकालिकानं तो मागे घेतला.

आता मूळ प्रश्न. आपला आनुवंशिक मजकूर सुमारे तीन अब्ज अक्षरांचा आहे. पिढीगणिक त्याची नक्कल होताना छापखान्यात होतात तशा चुका होतात. प्रत्येक बाळात, तुमच्या-माझ्यातही, आई-वडिलांपैकी कुणातच नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी, एखादा नेमका त्या १०२ पैकी एका जनुकावर पडतो. अशा वेळी ते कुठल्याच घराण्यातून आलेलं नसतं. यातले बहुसंख्य नवे बदल वडिलांकडून येतात आणि वडिलांचं वय वर्षानं वाढलं की ते सुमारे दोनानं वाढतात. मुलीच्या वयावरून स्थळ मोडणाऱ्या मंडळींनी हे ऐकून ठेवावं. अर्थात उशिरा बाप झालेल्या बहुतेकांची मुलं ठणठणीत असतात.

दुसरा प्रकार किरकोळ बदलांचा. ते शेकड्यानं, दोन्हीकडून येतात आणि निरोगी माणसांतही असतात. तिसरा, फ्रॅजाइल एक्स. स्वमग्न मुलांपैकी शंभरात एक ते तीन जणांत तो सापडतो. एका जनुकातली तीन अक्षरं दोनशेहून अधिक वेळा गिरवली जातात आणि जनुक बंद पडतं. हा दोष आईकडून येतो खरा, पण तिला तो तिच्या धडधाकट वडिलांकडून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आलेला असू शकतो. म्हणून ही रक्ततपासणी करावी. मावशीलाही तिचा उपयोग होतो.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी ती नोंदवली आहे. अशा जोडप्यात जनुकांचा आठवा हिस्सा सामायिक असतो, त्यामुळे दोन्हीकडून तोच दडलेला दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. अरब देश, तुर्कस्तान, पाकिस्तान इथल्या अशा कुटुंबांतून २००८ साली स्वमग्नतेची काही जनुकं हाती लागली. इथं तर ‘कुणाचं घराणं’ हा प्रश्नच उरत नाही; दोन्ही घराणी एकच.

बऱ्याच मुलांत मात्र तपासणीतून नेमकं जनुक सापडत नाही. मूळ कारण पालटणारं औषधही आज नाही. वाचा आणि वर्तन उपचारांनी मुलं पुढे जातात, आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात. एक मूल स्वमग्न असेल, तर पाठच्या भावंडाला स्वमग्नता असण्याची शक्यता सुमारे पाचात एक. तेव्हा ते बाळ वर्षाचं होताना नावाला ओ देतं का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतं का, हे बघा. शंका आली तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत तिसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)