ताडपत्रीचा निवारा



मिरा-भाईंदरच्या पश्चिम किनाऱ्यावर उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे आहेत. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. त्यासाठी नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. ताडपत्री कशी ताणावी, दोर कोणत्या गाठीने बांधावा, हे ज्ञान तेथे पिढीजात आहे. नौकेला जे आच्छादन लाभते, ते छप्पर गमावलेल्या कुटुंबालाही सहज देता येईल.

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी ताडपत्रीवर विसंबू नये; पक्क्या इमारतीतच आश्रय घ्यावा. ताडपत्रीचे काम वादळ ओसरल्यावर सुरू होते.

साधने मोजकीच लागतात : ४ मीटर रुंद व ६ मीटर लांब ताडपत्री, दोर, कोयता, तीन बांबू, खुंट्या आणि त्या ठोकण्यास एक दगड. जागा उंचवट्याची निवडावी. ओढ्याचे पात्र, सुटलेली दरड, विजेच्या तारा, एकाकी वृक्ष आणि नारळाची झाडे टाळावीत.

बांबू एका रेषेत रोवून त्यांवर सुमारे सव्वा मीटर उंचीवर दोर ताणावा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दोराची दिशा वायव्य-आग्नेय ठेवावी. म्हणजे ताडपत्रीचा उतार वाऱ्यास सामोरा जातो व उघडी तोंडे बाजूस राहतात. वाऱ्याकडील कड प्रथम जमिनीलगत बांधावी. खुंटी बाहेरच्या बाजूस कलती ठोकावी. वाळूत खुंटी टिकत नाही. तेथे वाळूने भरलेले पोते दोर बांधून पुरावे.

ताडपत्रीस कडी नसेल तर भोक पाडू नये. ते वाऱ्याने फाटत जाते. गुळगुळीत खडा कापडात गुंडाळून त्याच्या मानेशी दोर आवळावा. खुंटीकडील गाठ सुरगाठ असावी. कारण नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो व रात्री पुन्हा ताणावा लागतो. चढाच्या अंगाला चर खणून पाणी बाजूस काढावे. आत चूल वा दिवा कदापि पेटवू नये.

असा निवारा सुमारे १८ चौरस मीटर जागा झाकतो. माणशी साडेतीन चौरस मीटर हे आंतरराष्ट्रीय मदतकार्यातील किमान प्रमाण धरल्यास पाच जणांची सोय होते. अर्थात ही सोय थोड्या रात्रींपुरतीच. ती घराची जागा घेऊ शकत नाही.

संकटाच्या रात्री गाठ शिकता येत नाही. किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने दोन ताडपत्र्या व दोर कोरड्या जागी ठेवावेत. शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीपूर्वी एखाद्या अनुभवी कोळी बांधवास शाळेच्या मैदानावर बोलवावे आणि मुलांच्या हातून निवारा उभारून घ्यावा. एका तासाची ही तालीम पुढे एखाद्या कुटुंबाची रात्र कोरडी ठेवील.